पाऊण मिनिटाचा हिशेब

मॅरेथॉनला महिना-दीड महिना उरला की धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक वाद ठरलेलाच: रेसला अल्फाफ्लाय घ्यायचे की व्हेपरफ्लाय? दोन्ही नायकीचेच शूज. दोन्हींच्या तळात कार्बन फायबरची टाचेपासून चवड्यापर्यंत जाणारी पट्टी, तिच्या वरखाली झूमएक्स नावाचा तोच हलका फोम, आणि टाचेखालची जाडी वर्ल्ड ॲथलेटिक्सने घालून दिलेल्या ४० मिलिमीटरच्या मर्यादेला जवळजवळ भिडलेली. अल्फाफ्लाय ३ जानेवारी २०२४मध्ये बाजारात आले तेव्हा अमेरिकेत त्यांची किंमत २८५ डॉलर होती. त्याच्या साधारण वर्षभर आधी आलेल्या व्हेपरफ्लाय ३ची २५०च्या आसपास. आपल्याकडे दोन्ही वीस हजारांच्या घरात जातात, म्हणजे निवड फसली तर सोडून द्यावी अशी ही रक्कम नाही. विचारणाऱ्याला उत्तर मात्र एका शब्दात हवे असते: दोघांत वेगवान कोणते? उपलब्ध पुरावा नीट वाचला तर असे दिसते की या दोघांतला सरासरी फरक निवडीचा निकष व्हावा एवढा मोठाच नाही. रेसच्या दिवशी मिनिटे कमावून देणाऱ्या किंवा घालवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या खोक्यावर छापलेल्या नसतात.

आधी या शूजच्या आत काय चालते ते पाहू, कारण सगळे श्रेय पट्टीला देऊन टाकण्याची सवय या वादाच्या मुळाशी आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरमधील प्रयोगशाळेत वाउटर होगकामर, रॉजर क्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ तयारीच्या धावपटूंना ट्रेडमिलवर ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने पळवले. पायात आलटून पालटून तीन प्रकारचे शूज: पुढे व्हेपरफ्लाय ४% म्हणून विकला गेलेला नायकीचा नमुना, नायकीचाच जुना स्ट्रीक ६, आणि आदिदासचा अडिओस बूस्ट २. वजनाचा फरक निकालात मिसळू नये म्हणून हलक्या शूजना शिशाचे छरे लावून तिन्ही सारख्या वजनाचे केले होते. धावपटू किती प्राणवायू वापरतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो यावरून त्याची ऊर्जा मोजली, तेव्हा नव्या शूजमध्ये ती सरासरी ४ टक्क्यांनी कमी भरली. प्रयोगाला पैसा नायकीचा होता, काही संशोधकही नायकीचे होते. म्हणून अनेकांनी तेव्हा नाक मुरडले. पण पुढे न्यूझीलंडमधल्या आणि अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगशाळांनाही जवळपास तशीच बचत आढळली आणि ती शंका मागे पडली. याच अभ्यासात यंत्राने शूज दाबून सोडल्यावर किती ऊर्जा परत मिळते तेही मोजले होते. नमुन्याने ८७ टक्के ऊर्जा परत दिली, अडिओस बूस्टने सुमारे ७६ आणि स्ट्रीकने ६६.

एवढी ऊर्जा परत येते ती फोममुळे. पेबा या प्लॅस्टिकच्या जातीपासून केलेला हा फोम शूजमधल्या जुन्या इव्हा फोमपेक्षा हलका आहे, जास्त दबतो आणि दबलेला जास्त परत उसळतो. मग पट्टी काय करते? हे तपासायला होगकामर यांनीच पुढे लॉरा हीली यांच्यासोबत एक बेधडक प्रयोग केला. व्हेपरफ्लायच्या चवड्याखालचा भाग करवतीने आडवा कापून पट्टीचे तुकडे केले. शूजचा ताठरपणा गेला, फोम तसाच राहिला. पट्टी स्प्रिंगसारखी काम करत असती तर बचत कोसळायला हवी होती. प्रत्यक्षात फरक पडला अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने तोही ग्राह्य ठरला नाही. पट्टी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. एवढा जाड आणि मऊ फोम पायाखाली लडबडू नये, घोट्यावरचे आणि बोटांच्या सांध्यांवरचे काम थोडे बदलावे, पुढे कललेल्या तळाला आकार मिळावा, यासाठी ती हवी असते. पण दुकानात शूज हातात घेऊन वाकवून बघणारा आणि 'केवढी ताठ आहे प्लेट!' म्हणणारा ग्राहक चुकीची गोष्ट तपासत असतो. तपासायचा असतो फोम, आणि तो बोटाने दाबून कळत नाही.

या पार्श्वभूमीवर अल्फाफ्लाय व्हेपरफ्लायपेक्षा वेगळे काय करते? चवड्याखाली, पट्टी आणि जमीन यांच्यामध्ये, त्यात हवा भरलेल्या दोन छोट्या पिशव्या आहेत. फोम दबताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, दाबाखालची हवा तुलनेने कमी गमावते, म्हणून ढकलण्याच्या क्षणी चवड्याखाली हवा असावी, हा त्यामागचा विचार. त्या पिशव्यांची किंमत वजनात मोजावी लागते: सारख्या मापाचे अल्फाफ्लाय ३ व्हेपरफ्लाय ३पेक्षा साधारण वीस ग्रॅमने जड भरते. पायातले वजन १०० ग्रॅमने वाढले की धावण्याचा खर्च सुमारे १ टक्क्याने वाढतो, हे १९८०च्या दशकापासून पुनःपुन्हा मोजले गेले आहे. म्हणजे वीस ग्रॅमची किंमत ०.२ टक्के. पिशव्यांनी आधी हे देणे फेडायचे आणि मग नफा दाखवायचा.

नफा किती निघतो? डस्टिन जूबर्ट आणि गॅरेट जोन्स यांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात मॉडेलांचे कार्बन पट्टीवाले शूज एकमेकांसमोर उभे केले होते. बारा धावपटू, वेग ताशी १६ किलोमीटर, तुलनेला पट्टी नसलेला साधा असिक्स हायपरस्पीड. पहिल्या अल्फाफ्लायमध्ये सरासरी बचत ३ टक्के, व्हेपरफ्लाय नेक्स्ट% २मध्ये २.७, आणि असिक्स मेटास्पीड स्कायमध्ये २.५. पहिल्या दोघांमधला फरक ०.३ टक्का, आणि त्याला ठाम फरक म्हणता येईल एवढे बळ त्या आकड्यांत नव्हते. तरी वादापुरते तो खरा धरू आणि त्याचे घड्याळात काय होते ते पाहू. ताशी १२ किलोमीटरने पळणारा माणूस मॅरेथॉन साधारण ३ तास ३१ मिनिटांत संपवतो. ऊर्जेतली ०.३ टक्के बचत पूर्णच्या पूर्ण वेगात उतरली असे मानले तरी हाती लागतात ३८ सेकंद. ताशी १० किलोमीटरवाल्याचे ४ तास १३ मिनिटे होतात. त्याचे ४५ सेकंद, म्हणजे पाऊण मिनिट. एकदा लेस सुटली, पाण्याच्या टेबलापाशी एकदा थांबावे लागले, वळणांवर बाहेरच्या बाजूने पळत राहिलो, की ते गेले. शिवाय हे आकडे आधीच्या आवृत्त्यांचे आहेत. अल्फाफ्लाय ३मध्ये टाच आणि चवडा यांच्यातली जुनी फट बुजवून तळ सलग केला आहे, व्हेपरफ्लाय ३चाही तळ बदलला आहे. वर्ष-दोन वर्षांनी रचना बदलणाऱ्या मालावर ०.३ टक्क्याचा हिशेब लावणे म्हणजे वाहत्या पाण्यावर रेघ ओढणे.

सरासरीच्या मागे आणखी एक अडचण लपलेली असते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. बोल्डरच्या अभ्यासात सरासरी ४ टक्के असली तरी एका धावपटूला जेमतेम १.६ टक्के मिळाले आणि एकाला ६ टक्क्यांहून जास्त. मेलानी नॉप आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये सात अव्वल केनियन आणि सात हौशी युरोपीय धावपटूंवर केलेल्या मोजणीत तर पसारा आणखी रुंद होता: साध्या सपाट शूजच्या तुलनेत केनियन धावपटूंत ११ टक्के फायद्यापासून ११ टक्के तोट्यापर्यंत, हौशींत साडेनऊ-पावणेदहा टक्के फायद्यापासून एखाद्या टक्क्याच्या तोट्यापर्यंत. यातला काही भाग मोजमापातल्या चढउताराचा असणार. एकाच माणसाचा प्राणवायूचा आकडा एकाच शूजमध्येही रोज एक-दोन टक्के हलतो. पण तो वगळला तरी माणसामाणसांतला फरक दोन अव्वल शूजमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा उरतो. तेव्हा 'अल्फाफ्लाय सरासरीत पुढे आहे' हे वाक्य खरे धरले तरी तुमच्या पायाबद्दल ते जवळपास काहीच सांगत नाही. शेजारच्या धावपटूला त्यात पीबी, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, मिळाली, हे तर त्याहून कमी सांगते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग विक्रमवीर अल्फाफ्लायच का घालतात? केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत २:००:३५ची वेळ दिली ती अल्फाफ्लाय ३मध्ये. खरे आहे. पण ब्रिजिड कोसगेईने त्याच शहरात २०१९मध्ये २:१४:०४ पळून सोळा वर्षे टिकलेला पॉला रॅडक्लिफचा विक्रम मोडला तो व्हेपरफ्लायमध्ये, आणि २०२३मध्ये बर्लिनला टिगिस्ट असेफाने तो २:११:५३वर नेला तेव्हा तिच्या पायात आदिदासचे १३८ ग्रॅमचे अडिओस प्रो इव्हो १ होते. विक्रमवीर कोणत्या कंपनीचे शूज घालणार हे करार ठरवतो, आणि कंपनीतले कोणते मॉडेल पुढे करायचे यात कंपनीचा रस असतो. त्यातल्या त्यात उजवी तुलना एलियुड किपचोगेची आहे. माणूस तोच, रस्ता तोच बर्लिनचा. २०१८मध्ये व्हेपरफ्लाय घालून २:०१:३९, २०२२मध्ये अल्फाफ्लाय घालून २:०१:०९. चार वर्षांत तीस सेकंद, म्हणजे सुमारे ०.४ टक्का. आता यातले किती शूजचे, किती हवेचे, किती पहिला अर्धा भाग ५९:५१मध्ये काढण्याच्या डावपेचाचे, किती वाढत्या वयाने वजा केलेले, हे कोण वेगळे काढणार? जगातल्या सर्वांत काटेकोर मॅरेथॉनपटूच्या बाबतीतही शूजचा वाटा असा सोडवून दाखवता येत नसेल, तर विक्रमांची यादी हा पुरावा म्हणून फार लांब जात नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो, आणि तो जास्त विचारात घेण्यासारखा आहे. फरक एवढा नगण्य असेल तर कोणतेही कार्बनवाले शूज घ्यावेत, स्वस्तातले का नकोत? इथे मात्र पुरावा स्पष्ट 'नाही' म्हणतो. जूबर्ट-जोन्स यांच्या सात शूजपैकी पहिले तीन एका टोळक्यात होते. मधले दोन दीड टक्क्याच्या आसपास घसरले, आणि शेवटच्या दोन शूजमध्ये, ज्यांत पट्टी रीतसर होती, बचत अर्ध्या टक्क्यापासून जवळजवळ शून्यापर्यंत आली. तुलनेला घेतलेल्या साध्या शूजपेक्षा ते फारसे सरस नव्हते. कारण पुन्हा फोम. पट्टी आहे म्हणून शूज वेगवान ठरत नाहीत, आणि 'कार्बन' एवढेच छापून विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल सावध राहण्याचे कारण हेच आहे. म्हणजे फरक आहे, पण तो अव्वल गट आणि बाकीचे यांच्यात आहे. अल्फाफ्लाय आणि व्हेपरफ्लाय दोन्ही त्या उंबऱ्याच्या आत आहेत, आणि आत आल्यावर एकमेकांशी झटापट करण्यात फारसे हशील नाही.

तिसरा आक्षेप हौशी धावपटूंच्या वतीने: हे प्रयोग बहुतेक ताशी १४ ते १८ किलोमीटरचे, आमचा पेस त्याच्या जवळपासही नाही. जूबर्ट यांनी नंतर हेही मोजले. व्हेपरफ्लाय नेक्स्ट% २ची बचत ताशी १२ किलोमीटरला सुमारे १.४ टक्के आणि १० किलोमीटरला ०.९ टक्के भरली, आणि वेग कमी तशी माणसामाणसांतली तफावतही मोठी झाली. हळू पळताना पाय जमिनीवर कमी जोराने आदळतो, फोम कमी दबतो, म्हणून परतही कमी येते. कारण सरळ आहे. दुसऱ्या बाजूला अव्वल धावपटूला हवेचा अडथळा जास्त भोवतो, त्यामुळे त्याच्या ऊर्जाबचतीतला एक हिस्सा वेगात उतरतच नाही. हळू पळणाऱ्याचे हे नुकसान नगण्य असते. तरी चार-साडेचार तासांच्या मॅरेथॉनला एक टक्क्याच्या आतबाहेरचा लाभ आणि त्यातही अल्फाफ्लाय-व्हेपरफ्लायमधला फरक त्या एका टक्क्याचा अंश. शिवाय या वेगाला बहुतेकांची टाच आधी टेकते. अल्फाफ्लायची खास मालमत्ता, म्हणजे हवेच्या पिशव्या, चवड्याखाली आहेत. टाचेवर उतरणाऱ्याला त्या पावलाच्या शेवटच्या भागात तेवढ्या भेटतात. जास्तीचे ३५ डॉलर आणि वीस ग्रॅम त्या क्षणासाठी मोजायचे का, याचे उत्तर माझ्या लेखी साडेतीन तासांहून हळू धावणाऱ्यासाठी बहुधा 'नाही' आहे.

मग निवडायचे कशावर? पहिली गोष्ट पायाला बसण्याची, आणि इथे दोन शूज खरोखर वेगळे वागतात. अल्फाफ्लायचा वरचा भाग मोज्यासारखा पायात चढवावा लागतो आणि तळपायाच्या कमानीपाशी तो अंगालगत आवळलेला असतो. ज्यांची कमान उतरलेली आहे त्यांना आतल्या बाजूला घासल्याची तक्रार नवी नाही. दुकानात पाच मिनिटे उभे राहून ती जाणवत नाही. घामाने मोजा भिजल्यावर, पाय सुजल्यावर, पंचवीस किलोमीटरनंतर जाणवते, आणि त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर पाऊण मिनिटाहून महाग पडतो. व्हेपरफ्लायला नेहमीची जीभ आणि नेहमीची लेस आहे. ती मधे सैल करता येते. प्रयोगशाळेतली धाव पाच-दहा मिनिटांची असते. तिथे फोड येत नाहीत, पोटऱ्यांत गोळे येत नाहीत, घोटा थकून आत झुकत नाही. म्हणून रेसच्या तीन-चार आठवडे आधी त्याच शूजमध्ये एक लाँग रन, आणि त्यातले शेवटचे दहा-बारा किलोमीटर रेसच्या पेसने, ही चाचणी कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त बोलते. तिच्यात पाहायचे ते वेगाकडे नव्हे तर थकल्यावर पाय कसा पडतो, टाच बाहेर सरकते का, दुसऱ्या दिवशी दुखते ते नेहमीच्या जागी की नव्या, याकडे. नव्या जागच्या दुखण्याकडे काणाडोळा करू नये. ॲडम टेनफोर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये कार्बन पट्टीच्या शूजशी संबंध जोडलेल्या पाच धावपटूंच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पाचही जणांना पायाच्या मधल्या नेव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा होती. पाच नोंदींवरून धोका किती ते सांगता येत नाही, पण ताठ शूज भार नाहीसा करत नाहीत, तो दुसरीकडे सरकवतात, एवढे त्यातून लक्षात घ्यावे आणि रोजच्या धावेला हे शूज वापरू नयेत.

दुसरी गोष्ट रस्ता. क्लेरिसा व्हायटिंग, होगकामर आणि क्रॅम यांनी व्हेपरफ्लाय ३ अंशांच्या चढ-उतारावर तपासले तेव्हा सपाटीवरची ३.८ टक्के बचत चढावर २.८ आणि उतारावर २.७ टक्क्यांवर आली. बचत टिकते, पण घटते. मुंबई मॅरेथॉन बहुतांशी सपाट आहे, तरी परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ नेमका पाय जड झाल्यावर समोर येतो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन तर यवतेश्वरचा घाट चढायची आणि तोच उतरायची. तिथे उतारावर, वळणावर वळण घेत, चाळीस मिलिमीटर मऊ फोमवर घोटा सावरणे हे वेगळेच काम होते. उंच आणि जड शूजपेक्षा जमिनीचा अंदाज देणारे, हलके शूज अशा रस्त्याला बरे, आणि या दोघांतच निवडायचे तर मी व्हेपरफ्लायकडे झुकेन. सरळ, सपाट, थंड रस्ता असेल, धावपटू चवड्यावर उतरणारा आणि तीन तासांच्या आतला असेल, कमानीची तक्रार नसेल, तर अल्फाफ्लायची बाजू भक्कम आहे. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पोटऱ्या कमी भरून येतात असे ते वापरणारे सांगतात; प्राणवायूच्या मोजणीत हे उतरत नाही, म्हणून ते खोटेच असेल असे नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण हिशेबातच धरत नाहीत: जोडीचे वय. स्पेनमध्ये रोड्रिगो-कॅरान्झा आणि सहकाऱ्यांनी पेबा आणि इव्हा फोमचे शूज नवे असताना आणि ४५० किलोमीटर वापरून झाल्यावर पुन्हा तपासले. नवे असताना पेबा इव्हाच्या पुढे होता. ४५० किलोमीटरनंतर ती आघाडी शिल्लक राहिली नव्हती. म्हणजे कपाटातले जुने अल्फाफ्लाय आणि दुकानातले नवे व्हेपरफ्लाय यांच्यातला फरक कोणत्याही मॉडेलच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. धावपटूंच्या ग्रुपमध्ये 'फक्त दोनशे किलोमीटर झालेत' म्हणून निम्म्या किमतीत विकायला येणाऱ्या जोड्यांबद्दल म्हणूनच दोनदा विचारावे: तळाचे रबर दिसते, फोम दिसत नाही, आणि किलोमीटरचा आकडा विकणाऱ्याच्या ॲपमध्ये असतो, तो उघडून बघायला मागावा. स्वतःच्या जोडीचेही तसेच. रेसची जोडी दोन-तीन सरावांत पायाशी जुळवून घ्यायची, साठ-सत्तर किलोमीटरच्या आत ठेवायची, आणि मग थेट स्टार्ट लाइनलाच बाहेर काढायची.